वाघबीघ

जंगलाचं नाव ताई.
फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, कुणाची ताई?
मग मीही तसंच म्हणू लागलो:
ताईकडे आहे, ताईकडे नेटवर्क नाही,
ताईकडे कॅम्पबेल माकडांचा एक म्हातारा नर आहे,
त्याचे शब्द मोजतो.

क्राक म्हणजे बिबट्या.
क्राक-ऊ म्हणजे
असेल, नसेल, फांदी हलली,
शेजारचा कळप ओरडला,
काहीतरी आहे, मान वर ठेवा.
एवढंसं शेपूट, ऊ,
आणि शब्दाचे दात पडतात.

याला प्रत्यय म्हणावं का, यावर
ग्रेनोबलचे प्राध्यापक आणि उप्सालाच्या बाई
तीन महिने भांडत होते.
मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
चहाबिहा. पैसेबिसे. लग्नबिग्न.
वाघ, आणि वाघबीघ.
पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
शिवाय बिबट्याला बि लावता येत नाही,
तो जन्मतःच आपला बि घेऊन आलाय.

स्पीकर वाहून नेतो तेहे उलाई.
आम्ही फ्रेंचमध्ये बोलतो, दोघांचीही उसनी.
त्याचा बाप शिकारी होता,
नाक चिमटीत धरून
जखमी पाडसाचं रडणं काढायचा.
ज्याला माया असेल ते धावत येई
आणि रात्री रश्श्यात असे.
खोटं बोलणं आमची घराण्यातली नोकरी, तेहे म्हणतो.
माझ्या पिढीत फक्त पगार सुरू झाला,
आणि बूट.

पानांत स्पीकर लपवायचा,
वीस मीटर मागे सरकायचं
आणि पंधरा सेकंद बिबट्या वाजवायचा,
कधीतरी कुठल्याशा पिंजऱ्यात
जेवणाला उशीर झाला म्हणून गुरगुरलेला.
म्हातारा वरून इमानाने ओरडतो:
क्राक. क्राक. क्राक.
बायकापोरं फांद्यांत थिजतात.
मी वेळ लिहितो.

गोष्टीतला पोरगा स्वतः खोटं बोलायचा,
लांडगा आला रे आला.
इथे खोटं आमचं
आणि आला रे आला
त्या बिचाऱ्याला म्हणावं लागतं.

जानेवारीत, धुळीचा वारा सुटला होता तेव्हा,
केबलची गुंडाळी राहिली म्हणून
तेहे एकटाच मागे गेला.
पाच वाजून गेलेले.
स्पीकर तंबूत, बॅटरी काढलेली.
आणि वरून, क्राक.

तो म्हणाला, मी थांबलो
आणि ऊची वाट पाहिली.
शब्द संपला होता,
मी त्याला संपू देत नव्हतो.
ऊ आला नाही.

पळाला नाही तेहे.
पाठ झाडाच्या बुंध्याला लावून
अंधार होईपर्यंत उभा राहिला.
सकाळी ओढ्याकाठच्या चिखलात ठसे सापडले,
त्याच्या बुटांपासून नऊ पावलांवर.
मी नऊ वेळा मोजली ती नऊ.

ग्रेनोबलहून उत्तर आलं:
फार मोलाचं निरीक्षण, पण एकच.
आकडेवारीत धरता येणार नाही.

माकडांना काही खायला घालायचं नाही
हा नियम आहे, तेहे तो पाळतो.
फक्त स्पीकर लावण्याआधी
आता वर बघून पुटपुटतो, गेरे भाषेत, दोनच शब्द.
मला वाटलं, माफीबिफी असेल.
विचारलं तर म्हणाला, छे,
त्याला सांगून ठेवतो, हा मी आहे.

प्रयोग बिघडला का?
रकाने आहेत तसेच आहेत.
म्हातारा ओरडतो, पोरं थिजतात.
कधीकधी मात्र तिसऱ्या हाकेच्या शेवटी
काहीतरी ऐकू येतं,
इतकं बारीक, की पानांचंही असेल.
मी हेडफोन काढतो, पुन्हा लावतो,
तेवढाच तुकडा परत ऐकतो.

अजून लिहिलेलं नाही.